माणसाच्या वावरामुळे जंगली सस्तन प्राणी नेहमी कमीच होतात का?

नेहमीच नाही, आणि जुन्नरचा बिबट्या हे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगावचं पाणी शिवारात आलं आणि जिरायती रानात ऊस उभा राहिला. वर्षभर हटत नाही असा दाट आडोसा, जवळच पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या उसातच विऊ लागल्या. आज तिथल्या कित्येक बिबट्यांनी जंगल पाहिलेलंही नसेल.

पण जगणं सोपं नाही. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. मग वनखात्याची माणसं ती क्रेटमध्ये घालून रात्री त्याच बांधावर ठेवतात, आई येते आणि एकेक करून तोंडात धरून नेते. (क्रेट टोमॅटोचा, आपला बाजारातला!) पिल्लं मिळाली नाहीत तर ती चवताळते, हे गावकऱ्यांनाही आता ठाऊक आहे. शिवाय कठडा नसलेल्या विहिरी आणि महामार्गावरच्या भरधाव गाड्या आहेतच.

‘पकडून लांब सोडा’ ही मागणी समजण्यासारखी आहे, माणसं दगावतात तिथे. पण वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे असे बिबटे सोडले, त्या भागात माणसांवरचे हल्ले उलट वाढले. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो, ते वेगळंच.

माळढोक पक्ष्याच्या माळावरच्या लांडग्याची गोष्ट मात्र नेमकी उलटी आहे. त्याचा माळ नांगरला की त्याला उसाचा बिबट्यासारखा उपयोग होत नाही.