१० मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेटमध्ये एम-२० (२० मिमी जाडीच्या) बोल्टसाठी २२ मिमीची बरीच भोके पाडायची आहेत. होल सॉ (वाटीसारखी गोल करवत) घ्यावा की अ‍ॅन्युलर कटर?

एचएसएस (हाय स्पीड स्टील) अ‍ॅन्युलर कटर आणि मॅग्नेटिक ड्रिल मशीन (चुंबकाने प्लेटला धरून राहणारे) घ्यावे. बायमेटल होल सॉ पातळ पत्र्याला उत्तम, पण १० मिमी प्लेटमध्ये अनेक भोके पाडायला योग्य नाही. होल सॉच्या दातांमधल्या खाचा उथळ असल्यामुळे जाड प्लेटमधला चुरा बाहेर न पडता तिथेच घासत राहतो, दात तापतात आणि धार लवकर जाते. अ‍ॅन्युलर कटरच्या बाहेरच्या अंगाला चुरा वर काढणाऱ्या खोल पन्हळी असतात. तो फक्त कडेचे वर्तुळ कापतो आणि मधली चकती शेवटी पायलट पिन (कटरच्या मधोमध असणारी पिन) ढकलून बाहेर टाकते. त्याच पिनच्या कडेने कूलंट (थंड ठेवणारे द्रव) दातांपर्यंत उतरते, म्हणून ते अखंड चालू ठेवावे. कोरडा चालवलेला कटर फार टिकत नाही. वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेरे पुरे. खरेदीपूर्वी कटरची शँक, म्हणजे मशीनमध्ये बसणारा दांडा (बहुधा १९.०५ मिमीची वेल्डन प्रकारची), मशीनला बसते ना, एवढे पाहावे. मात्र प्लेट ३०४ स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियमची असेल तर मॅग्नेट धरणार नाही. तेव्हा ती क्लॅम्पने घट्ट आवळून हाच कटर आर्बर (कटर धरणारा जोड-दांडा) लावून पिलर ड्रिलवर चालवावा.