कन्व्हर्टर बदलण्याआधी

भाऊ, घाई करू नको. जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा, का गेला ते आधी बघ. इंजिन मिसफायर करत असेल, म्हणजे इंधन नीट पेटत नसेल, किंवा ऑईल पीत असेल, तर नवाही जळणार. स्कॅनरवर पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) आला म्हणून लगेच खर्चात पडू नको. एक्झॉस्टच्या जोडात गळती असली तरी तोच कोड येऊ शकतो.

जळगावच्या मे महिन्यात सकाळीच हात घाल, गाडी रात्रभर थंड झालेली बरी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नको, स्टँड लाव. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल मार. ऑक्सिजन सेन्सर काढताना वायर पिळली की गेला. गॅस्केट नवंच, कन्व्हर्टरवरचा बाण सायलेन्सरकडे. सगळे नट हाताने धरव, मगच आवळ.

‘कन्व्हर्टरऐवजी सरळ पाइप टाक’ म्हणणारे भेटतील, पीयूसीत अडकशील. आणि जुना नग भंगारवाल्याला फुकट नको देऊ, आत प्लॅटिनम, पॅलेडियम असतं.