भा. रा. भागवतांची पुस्तकं आजच्या मुलांना आवडतील का?

मुलगा नऊ वर्षांचा, मराठी येतं पण वाचायला बसला की जांभया देतो. फास्टर फेणे लिहिणारे भागवत त्याला रुचतील का, असं तुम्ही विचारलंय. मी सत्तरी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. रुचतील. फक्त आपल्या गोव्यात 'फेणे' हे आडनाव ऐकून मुलांना काजूची दारू 'फेणी' आठवते आणि ती पहिली पाच मिनिटं नुसती खिदळतात. काजूच्या हंगामात तर विचारूच नका.

भागवत 1910 साली जन्मले, 2001 मध्ये गेले. 1951 साली त्यांनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक काढलं. पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठी लिहायच्या. फेणेइतकंच मोठं काम म्हणजे त्यांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठीत आणला. एका पुस्तकाचं नाव बघा: 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. धूमकेतूला माझी आजी शेंडेनक्षत्रच म्हणायची, आणि 'मुक्काम' तर सरळ पोस्टकार्डावरच्या पत्त्यातला! फ्रेंच गोष्ट अशी घरात येऊन बसते.

बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा, अगदी काडीपैलवान. ताकद नाही, पण पाय आणि डोकं सुसाट. मला तो चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीत मामाच्या कपाटात सापडला. शेवटची दोन पानं कसरीने खाल्लेली. मग शेवट मीच रचला आणि धाकट्या भावाला ऐकवला. पुढे पणजीत धड प्रत मिळाली तेव्हा जरा हिरमोडच झाला, कारण माझ्या शेवटात फेणे मांडवीत उडी मारत होता.

या गोष्टींत योगायोग जरा जास्तच असतात, हे कबूल. तार, ट्रंककॉल असलं काही आलं की थांबून समजवावं लागतं. म्हणून सुरुवातीला पुस्तक मुलाच्या हातात देऊ नका, रोज रात्री थोडं तुम्हीच मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आलं की मिटून ठेवा.

फेणेचं 'ट्टॉक' मात्र नुसतं वाचून सोडू नका, जीभ टाळ्याला लावून काढून दाखवा. मी चौथीच्या वर्गात एकदाच काढलं. दुसऱ्या मिनिटाला अठ्ठावीस पोरं ट्टॉक-ट्टॉक करत होती आणि शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन विचारत होत्या, "पाल शिरली की काय गं?"