वाचक विचारतात: कादंबरी छापली, आता ती वाचकाला सापडणार कशी?

प्रश्न: नमस्कार ताई, माझी पहिली कादंबरी मी स्वतःच ॲमेझॉनवर काढलीये, ईबुक आणि छापील दोन्ही. नवरा गायब होतो आणि बायको त्याच्या जुन्या पत्रांवरून त्याचा माग काढत जाते अशी गोष्ट आहे. कॅटेगरी निवडताना एक रोमान्स घेतली कारण तिथे सगळ्यात जास्त खप असतो असं ऐकलेलं, दुसरी लिटररी फिक्शन, आणि तिसरी सुचली नाही म्हणून रिकामीच ठेवली. सुरुवातीला ओळखीच्यांनी घेतली, नंतर विक्री जवळजवळ थांबलीच. आता जाहिरातीवर पैसे लावू की कॅटेगरी बदलू?

उत्तर: आधी कॅटेगरी, मग वर्णन, आणि जाहिरात सगळ्यात शेवटी. पुस्तकाचं ॲमेझॉनवरचं पान चुकीचं असताना जाहिरात केली की लोक येतात, बघतात आणि निघून जातात, आणि क्लिकचे पैसे मात्र तुमचे जातात.

रोमान्समध्ये खप असतो हे खरंय, पण तो रोमान्स वाचणाऱ्यांमुळे असतो. त्यांना दोघांचं जुळणं हीच मुख्य गोष्ट हवी असते, शेवट गोड हवा असतो, आणि तुमच्याकडे तर नवराच गायब आहे. असा वाचक चुकून आलाच तर दहा पानांत पुस्तक बंद करणार नाहीतर एक स्टार देऊन ‘यात प्रेमकथा कुठेय’ असं लिहून जाणार, आणि त्याचं काही चुकलं नाही हो, आपण सांगितलं एक आणि दिलं दुसरंच. लिटररी फिक्शनबद्दल माझं मत असं की भाषा कितीही सुंदर असली तरी नवीन नावाला तिथे उठून दिसणं फार अवघड जातं, तिथले वाचक बरेचदा आधी ऐकलेलं नाव किंवा पुरस्कार बघून हात घालतात.

मग निवडायची कशी? तुमच्यासारखी गोष्ट असलेली, अलीकडे आलेली पाचसहा पुस्तकं शोधा. प्रत्येकाच्या पानावर खाली प्रॉडक्ट डिटेल्समध्ये बेस्ट सेलर्स रँक असतो, वरचा आकडा अख्ख्या स्टोअरमधला आणि त्याखालचे त्या-त्या कॅटेगरीतले, आणि आकडा जितका लहान तितकी विक्री जास्त. कॅटेगरीच्या नावावर क्लिक केलं की पहिल्या १०० पुस्तकांची यादी उघडते. त्यातलं पहिलं, विसावं आणि शेवटचं पुस्तक उघडा आणि तिघांचा स्टोअरमधला रँक कागदावर लिहून घ्या. शेवटच्या पुस्तकाचाच रँक तुमच्यापेक्षा कितीतरी चांगला असेल तर त्या यादीत तुम्ही इतक्यात दिसणार नाही. उलट पहिल्या नंबरचं पुस्तकसुद्धा स्टोअरमध्ये कुठेतरी तळाला असेल तर तिथे पहिला नंबर पटकन मिळेल, स्क्रीनशॉटही छान येईल, पण तिथे खरेदीला फारसं कोणी येतच नाही असा त्याचा अर्थ. आपल्याला या दोन टोकांच्या मधली कॅटेगरी हवीये.

आणि नुसत्या नावावर जाऊ नका, यादीतली कव्हरं बघा. तुमची नायिका पोलिस नाही म्हणून ‘अमॅच्युअर स्लूथ’ म्हणजे हौशी गुप्तहेर हे एकदम बरोबर वाटेल, पण ती यादी उघडलीत तर मांजरं, बेकऱ्या, रंगीत चित्रं असलेल्या हलक्याफुलक्या रहस्यकथाच जास्त दिसतील. तुमची गोष्ट जर मनावर दडपण आणणारी असेल तर सायकॉलॉजिकल थ्रिलर किंवा घरातल्या रहस्यांवरच्या डोमेस्टिक थ्रिलरकडे बघा, तिसरी विमेन्स फिक्शनमधली चालेल का तेही तपासा. तिसरी जागा रिकामी सोडायची नाही, ती फुकट मिळालेली आहे. २०२३ पासून थेट स्टोअरच्याच कॅटेगरीतून तीन निवडता येतात, आधी दोन निवडून बाकीच्या दहापर्यंत विनंती करून वाढवून घ्यायचे, त्यामुळे जुन्या व्हिडिओत दहाचं काही ऐकलंत तर सोडून द्या. ईबुकची आणि छापील पुस्तकाची कॅटेगरी वेगवेगळी भरावी लागते हेही लक्षात ठेवा, एक बदलून दुसरी तशीच राहिलेली मी बऱ्याच जणांची बघते. बदल दिसायला तीनेक दिवस लागू शकतात.

आता वर्णन. तिथे ४००० अक्षरं लिहिता येतात, पण ‘रीड मोर’ न दाबता दिसतात फक्त पहिल्या काही ओळी. तुम्ही पाठवलेली पहिली ओळ अशी आहे: ‘नात्यांमधल्या गुंतागुंतीचा वेध घेणारी, अंतर्मुख करणारी कादंबरी.’ ही ओळ हजार कादंबऱ्यांना लागू पडेल. त्याऐवजी असं काही बघा: ‘नवरा गायब झाल्यावर तिला कपाटात त्याची पत्रं सापडतात. शेवटच्या पत्रावरची तारीख तो गेल्यानंतरची आहे.’ तुमच्या गोष्टीत तारखेचं नसेल, दुसरं काहीतरी असेलच, ज्या प्रसंगाला वाचणारा थबकतो तो उचलून पहिल्या दोन ओळींत आणा. शेवट फोडू नका एवढंच.

प्रश्न: कीवर्डच्या, म्हणजे सर्चमध्ये पुस्तक सापडावं म्हणून भरायच्या शब्दांच्या, सात रकान्यांत मी ‘पुस्तक’, ‘कादंबरी’, ‘बेस्टसेलर’ आणि एका गाजलेल्या लेखकाचं नाव टाकलंय. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. दुसऱ्या लेखकाचं नाव आणि ‘बेस्टसेलर’सारखे दावे नियमातच बसत नाहीत, ते आजच काढा. ‘पुस्तक’ हा शब्द वाया गेला, कारण तिथे सगळी पुस्तकंच आहेत, आणि जे शब्द शीर्षकात आलेत ते परत लिहायची गरज नाही. प्रत्येक रकान्यात ५० अक्षरं बसतात, तेव्हा एकेक सुटा शब्द न टाकता वाचक सर्चमध्ये टाइप करेल तशी शब्दांची ओळ टाका, म्हणजे ‘बेपत्ता नवऱ्याचा शोध’, ‘जुन्या पत्रांचं रहस्य’ अशी. सर्चच्या चौकटीत दोन शब्द लिहून थांबलात की खाली सूचना येतात, त्या वाचा.

प्रश्न: घरच्यांना आणि मित्रांना पाच-पाच स्टार द्यायला सांगू का? सुरुवात तर होईल.

उत्तर: अजिबात नको. घरच्यांचे आणि जवळच्या मित्रांचे रिव्ह्यू नियमाविरुद्ध आहेत, काढून टाकले जातात आणि खातंही अडचणीत येऊ शकतं. दुसरं असं की ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ अशा शिफारशी कोणत्या वस्तू एकत्र घेतल्या जातात यावर उभ्या असतात, ॲमेझॉनच्या इंजिनिअर्सनी ही पद्धत २००३ मध्ये एका लेखात मांडलेली. तुमच्या मावशी पाककृतींची पुस्तकं घेतात आणि मित्र शेअर बाजाराची, त्यांनी प्रेमापोटी तुमची कादंबरी घेतली तर ती कोणाच्या शेजारी ठेवायची हे त्या यंत्रणेला कळणार कसं? त्यापेक्षा थ्रिलर आवडीनं वाचणाऱ्या अनोळखी लोकांना फुकट प्रत द्या आणि खरं मत लिहा म्हणा, चांगलंच लिहा अशी अट घालायची नाही. कादंबरी संपते त्याच पानावर रिव्ह्यूची साधी विनंती ठेवा.

प्रश्न: केडीपी, म्हणजे स्वतः पुस्तक काढायची ॲमेझॉनची सेवा, तिच्या ‘सिलेक्ट’ योजनेत ईबुक घालू का?

उत्तर: ९० दिवस ईबुक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, छापील प्रत मात्र विकता येते. बदल्यात किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून ईबुकं वाचायच्या सेवेत वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात आणि त्या मुदतीत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. पहिल्या पुस्तकाला एकदा करून बघायला हरकत नाही, पण फुकटचे दिवस दुसरं पुस्तक तयार असेल तेव्हासाठी राखून ठेवा, कारण फुकट वाचून आवडलं तर वाचकाला पुढे घ्यायला काहीतरी हवं. आणि मुदत आपोआप वाढते, नको असेल तर ९० दिवस भरायच्या आत आपोआप वाढवण्याच्या पर्यायावरची खूण काढून टाका.