रात्रीची जेटी आणि बोलेक्स

प्रश्न : मालवण जेटीवरनं रात्री होड्यांचे दिवे १६ एमएम बोलेक्स एसबीएम या फिल्म कॅमेऱ्यावर घ्यायचेत, पण सेकंदाला २४ फ्रेमला उजेडाचा मीटर ७ स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कमी दाखवतो, काय करू?

उत्तर : २४ फ्रेमचा नाद सोडा आणि टी वर, म्हणजे शटर हवं तितका वेळ उघडं ठेवायच्या सेटिंगवर, एकेक फ्रेम घ्या. २४ ला शटर साधारण १/६५ सेकंद उघडतं, ते ७ वेळा दुप्पट केलं की २ सेकंद, पण आतला प्रिझम थोडा उजेड खातो नि सेकंदाच्या पुढे फिल्मही सुस्तावते, उजेड कमी पकडते, म्हणून मी सरळ ४ सेकंद देईन. आयपीस (डोळा लावायची काच) बंद ठेवा हां, नाहीतर मागनं उजेड शिरतो! १० सेकंदांच्या शॉटला २४० फ्रेम, म्हणजे मधले थांबे धरून वीसेक मिनिटं. होड्या डुलणार, दिव्यांच्या रेघा होणार, मला तर त्याच आवडतात.