रोजच्या गाडीचं इंजिन रीबिल्ड: आधी मोजमाप, मग पार्ट

तुमचं इंजिन १६०० सीसी, १६ व्हॉल्व्ह, बिनटर्बोचं पेट्रोल. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८१.५ मिमी, कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं) ९.५. गाडी रोज वापरायची आहे, फक्त वरच्या आरपीएमला थोडा दम हवाय. आणि तुम्ही मागवायला काढलेल्या पार्टच्या यादीत आहेत फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, एच-बीम (एच आकाराच्या छेदाचे) रॉड, २८० अंशांचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; अंश जास्त तितका व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा), मोठे व्हॉल्व्ह आणि हाय-व्हॉल्यूम ऑइल पंप. यातलं निम्मं तरी कापता येईल. जे खरं लागणार आहे, ते मशीनिंग, यादीत कुठेच नाही.

इंजिन खोलून मोजल्याशिवाय काहीही मागवू नका. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, तेही दोन दिशांनी बोअर गेजने मोजा. टेपर (वर-खाली व्यासातला फरक) आणि ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर होनिंग (आतली भिंत हलकी घासणं) आणि नव्या रिंगांवर भागतं. नसेल तर ०.५० मिमी ओव्हरसाइज, म्हणजे बोअर तेवढा वाढवून मोठे पिस्टन. पण पिस्टन आधी हातात आले पाहिजेत, बोअर मग. मशीनवाला प्रत्येक पिस्टन मोजून त्या-त्या सिलिंडरला क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) देतो. साध्या कास्ट पिस्टनला साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी पुरतो. फोर्ज्डला मिश्रधातूनुसार बराच जास्त लागतो, म्हणून थंड इंजिनात तो खडखडतो. तुमच्या कामाला चांगले कास्ट पिस्टन पुरे. ओव्हरसाइजने ताकद वाढते हा समजही सोडा: ७९ चं ७९.५ केलं तर एकूण जेमतेम २० सीसी वाढतात.

रॉडचंही तसंच. ७००० आरपीएमला तुमच्या स्ट्रोकवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर येतो; सरळ, तडा नसलेले मूळ रॉड तेवढं सोसतात. बोल्ट मात्र नवे आणि दर्जेदार घ्या. बोल्ट बदलले की बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) पुन्हा गोल करून घ्यावा लागतो, कारण नव्या बोल्टच्या ताणाने कॅपचा आकार किंचित बदलतो. हे टाळलं की बेअरिंग गेलंच समजा.

बेअरिंग क्लिअरन्स: जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे ४५ मिमीच्या जर्नलला सुमारे ०.०४५ मिमी. प्लास्टिगेजची (दाबाने पसरणाऱ्या मऊ प्लास्टिकची) पट्टी कोरड्या जर्नलवर ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, क्रँक जराही न फिरवता कॅप काढा आणि पट्टी किती पसरली ते पाहा. क्लिअरन्स नेमका असेल तर हाय-व्हॉल्यूम पंप कशाला? जादा तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत जाणार, तेल तापवणार आणि वर ताकदही खाणार. मूळ मापाचा नवा पंप आणि साफ जाळी, एवढंच बसवा.

आता कॅम. २८० अंशांचा कॅम रोजच्या गाडीत चुकीचाच. ३००० च्या खाली इंजिन मेल्यासारखं चालेल, आयडल डुलेल, आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घसरल्याने ब्रेक बूस्टरची मदत कमी होईल. मॅनिफोल्डच्या दाबावरून पेट्रोल ठरवणारा ईसीयू (इंजिनचा संगणक) तर पार गोंधळतो. २५६ ते २६४ अंशांच्या आसपास थांबा. स्प्रिंगा कॅमवाल्याने सांगितलेल्याच घ्या आणि पूर्ण लिफ्टला कॉइल एकमेकांना भिडायला किमान १ ते १.५ मिमी बाकी आहेत ना, ते मोजा. सीट कापली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि स्प्रिंग सैल होते; तेवढी शिम खाली घालावी लागते. हा हिशेब बरेच जण विसरतात.

मोठ्या व्हॉल्व्हचे पैसे हेडच्या कामात घाला: नवे गाइड, नवे सील, ३०-४५-६० असा तीन कोनी सीट कट, आणि सीटखालची पायरी घासून सलग करणं. पोर्ट (हेडमधला हवेचा मार्ग) मोठा करू नका, खालच्या आरपीएमला हवेचा वेग जातो.

कॉम्प्रेशन मात्र वाढवा, कॅम लांबला की त्याची गरज पडते. हिशेब असा: सध्या सिलिंडरच्या ४०० सीसीमागे वरची उरलेली जागा ४७ सीसी आहे. ओव्हरसाइजनंतर सिलिंडर ४०५ सीसीचा होतो, १०.२ रेशोसाठी वर ४४ सीसी हवेत, म्हणजे ३ सीसी कमी करायचे. चेंबरचं (हेडमधल्या ज्वलनाच्या खळग्याचं) तोंड ४० चौरस सेंटिमीटर असेल तर हेड ०.५ मिमी फेस केल्यावर (खालून कापून सपाट केल्यावर) २ सीसी जातात, आणि ०.२ मिमी पातळ गॅस्केटने १. तुमच्या चेंबरचं आकारमान ब्युरेटने (मापाच्या नळीने) मोजूनच हे करा, अंदाजाने नाही. हेड किती फेस करता येतं याची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. स्क्विश (वर आलेला पिस्टन आणि हेडमधली कडेची फट) ०.९ ते १ मिमीच्या खाली नेऊ नका. एमएलएस (पोलादी थरांचं) गॅस्केट घेणार असाल तर फेसिंग आरशासारखं गुळगुळीत लागतं. खरखरीत पृष्ठभागावर ते पाणी सोडतं.

हेड खाली आलं की दोन गोष्टी बदलतात. बेल्टवर कॅम एक-दीड अंश मागे पडतो, त्यासाठी ॲडजस्टेबल पुली लागते. आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. पिस्टनच्या खाचांत प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) चिकटवा, वर तेलाचा हात फिरवा, हेड गॅस्केटसह आवळा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि प्लॅस्टिसिन कापून जाडी मोजा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी भरलं तर कॅम परत पाठवा किंवा खाचा खोल करा. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले, तेलाच्या दाबावर चालणारे) असतील तर या चाचणीपुरते घट्ट टॅपेट वापरा, नाहीतर ते दबतात आणि जागा जास्त दिसते.

रिंग गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) पाकिटावर विश्वास न ठेवता मोजा. रिंग उलट्या पिस्टनने २५ मिमी खाली सरळ ढकला आणि फीलर गेज घाला. वरच्या रिंगेला ०.३२ ते ०.३५ मिमी, दुसरीला ०.३६ ते ०.४०. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. घासताना फाइल बाहेरच्या कडेकडून आत चालवा, उलट घासली तर कोटिंग उडतं.

चालू करताना मिनरल तेल भरा. आयडलवर रेंगाळत ठेवू नका, पहिल्या दिवसापासून मध्यम लोड द्या आणि इंजिन ब्रेकिंगही करू द्या, रिंगा त्यानेच बसतात. पहिल्या ८० ते १०० किमीनंतर तेल-फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडून पाहा: बारीक करडी धूळ चालते, चमकत्या पापुद्र्या दिसल्या तर बेअरिंगची कॅप उघडा. ट्यूनिंग मात्र रिंगा बसल्यावरच, एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून. फुल थ्रॉटलला हवा-इंधन प्रमाण १२.५ ते १३ ठेवा आणि नॉकचा (मिश्रण अवेळी पेटल्याचा) आवाज आला की इग्निशन टायमिंग लगेच मागे घ्या.