सहाव्या नंबरच्या मुलीचं टीममध्ये काय काम?

थंडी पडली की पळणाऱ्यांची पत्रं वाढतात, यंदाही तेच झालंय. बहुतेक सगळी पत्रं जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनबद्दल आहेत, त्यांना पुढच्या अंकात बघू. या वेळी तीन पत्रं क्रॉस कंट्रीची, म्हणजे रस्ता सोडून शेतं, गवत, चढउतारांवरून पळायच्या शर्यतीची आली आणि तो माझा आवडता विषय, म्हणून आधी तीच घेते.

प्रश्न: ताई, मी खारघरला राहते, वय 27. रोडवर माझी 10 के (10 किमी) 54 मिनिटांत होते. मागच्या महिन्यात क्लबच्या सरांनी क्रॉस कंट्रीच्या टीममध्ये घातलं आणि तिथे तेवढ्याच अंतराला 63 मिनिटं लागली. आमच्या सहाजणींत मी शेवटची. ट्रॉफी मिळाली पण मोजणीत पहिल्या चौघीच होत्या, मला फोटोत उभं राहायलाही लाज वाटली. पुढच्या वेळी सरांना नाही सांगू का?

उत्तर: अगं नाही काय सांगतेस, थांब जरा. आधी ते 63 मिनिटांचं डोक्यातून काढ. पाम बीच रोडवरचा किलोमीटर आणि भाताच्या खाचरातला किलोमीटर एक नसतोच, मध्ये बांध येतात, ढेकळं येतात, एखादा चढ असा की चालावंसं वाटतं. प्रत्येक कोर्स वेगळा म्हणून तर क्रॉस कंट्रीला वर्ल्ड रेकॉर्ड हा प्रकारच नाही. इथे फक्त नंबर बघायचा, कितवी आलीस तो.

आता टीमचं. जागतिक स्पर्धेतही असंच असतं, सहाजणी धावतात, पहिल्या चौघींचे नंबर मिळवतात आणि ज्यांची बेरीज कमी ते जिंकतात. (आपल्याकडे स्पर्धेप्रमाणे संख्या बदलते, नियम आधी वाचायचे.) समज आपल्या चौघी आल्या 4, 7, 9 आणि 15, बेरीज 35. समोरच्या टीमच्या 1, 3, 14 आणि 18, बेरीज 36. आपण एका पॉइंटने जिंकलो. आता हे बघ की आपली पाचवी मुलगी 16वी आली आणि सहावी म्हणजे तू 17वी. तुम्ही दोघी नसतात तर त्यांची चौथी 18वी नाही, 16वी आली असती, म्हणजे त्यांची बेरीज 34 आणि ट्रॉफी त्यांच्या घरी. मोजणीत तू नव्हतीस पण त्यांच्या मोजणीत दोन पॉइंट तुम्ही दोघींनी घातलेत की! सर तुला उगाच नेत नाहीत, त्यांना हे गणित पाठ असतं. आणि दोन टीमची बेरीज सारखी आली तर ज्यांची शेवटची मोजलेली मुलगी पुढे, ते जिंकतात, म्हणजे तिथेही निकाल मागून लागतो, पुढच्या स्टारकडून नाही.

1924ची पॅरिस ऑलिंपिक माहितीये? तेव्हा क्रॉस कंट्री ऑलिंपिकमध्ये होती. जुलैतलं भयंकर ऊन, 38 जण सुटले आणि 15च पोचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला ते सगळे सांगतात, पण मोजणीपुरते धावपटू पोचले अशा टीम फक्त तीनच, फिनलंड, अमेरिका आणि फ्रान्स. तीन टीम, तीन मेडल. फ्रान्सवाल्यांना मेडल मिळालं ते पोचले म्हणून. त्यानंतर ऑलिंपिकमधून हा प्रकार गेला तो गेलाच.

माझी पहिली रेस सांगते. एका खाचरात पाणी राहिलं होतं, बूट त्यात रुतला आणि मी मोज्यावरच चार पावलं पुढे, मग मागे वळून बूट काढला, तेवढ्यात सहाजणी गेल्या. मी रडवेली. परतीच्या बसमध्ये कॅप्टन ताई तिकिटाच्या मागे पेनाने बेरीज करत बसलेली, मला बघून म्हणाली तू सहा घालवल्यास पण शेवटच्या चढावर त्या निळ्या टीशर्टवालीला गाठलंस ना, ती समोरच्या टीमची चौथी होती. मला तर ती कोण हे माहितीच नव्हतं, मी फक्त निळा टीशर्ट धरून पळत होते.

तर पुढच्या वेळी घड्याळाकडे बघू नकोस, पुढची एक पाठ पकड, ती गेली की दुसरी. आणि सुरुवात तुझ्या रोडच्या सवयीपेक्षा थोडी जोरात कर, कारण मैदान रुंद असतं पण पुढे बांधावर एकेकटीलाच जाता येतं आणि तिथे मागे अडकलीस तर पुढच्या हळू बाईंच्या मागेच राहावं लागतं. चढाच्या प्रॅक्टिसला पारसिक हिल आहेच तुमच्याकडे, तिथे वेग मोजू नकोस, दम मोज.

प्रश्न: इंग्लंडच्या क्रॉस कंट्रीचे व्हिडिओ बघतो, गुडघाभर चिखल असतो आणि सगळे स्पाइक्स, म्हणजे तळाला लांब खिळे असलेले बूट घालतात. मी पण घेऊ का? बजेट कमी आहे. – घणसोलीचा वाचक

उत्तर: नको रे. तिकडे सीझन ऑक्टोबर ते मार्च, पाऊस आणि ओली हिरवळ, 15 मिमीचे खिळे तिथे लागतात. आपल्याकडे सीझन येईस्तोवर पावसाळ्याचा चिखल वाळून दगड झालेला असतो, भात कापलेली धसकटं तेवढी उभी. त्यावर लांब खिळे म्हणजे सळ्यांवर पळाल्यासारखं, पोटऱ्या दोन दिवस बोलतात. नक्षीदार तळव्याचे साधे ट्रेल शूज बास, ठाण्याच्या येऊरच्या पायवाटेवर पण चालतील. कोणाकडून उसने स्पाइक्स मिळालेच तर 6 किंवा 9 मिमीचे खिळे लाव.

ते पैसे वाचव आणि त्याऐवजी रेसच्या आधी तासभर लवकर जाऊन कोर्स चालून ये. हे कंटाळवाणं वाटतं, मी पण टाळायचे, पण कुठे वळायचं, वाट दाखवायला लावलेली फीत कोणत्या बाजूने ठेवायची हे पळताना कळत नाही. इंग्लंडची पहिली राष्ट्रीय क्रॉस कंट्री 1876 साली एपिंगच्या जंगलात झाली आणि सगळेच्या सगळे चुकीच्या वाटेने गेले, रेसच रद्द धरली! बूट तेव्हा त्यांचेही चांगलेच असतील.

प्रश्न: मुलगा 15 वर्षांचा आहे, जिल्ह्याच्या क्रॉस कंट्रीत त्याला फक्त 2 किमी पळवलं. तो रोज 8 किमी आरामात पळतो. एवढ्या कमी अंतरात त्याचा काय कस लागणार? मोठ्या गटात घालता येईल का? – कळव्याचे वडील

उत्तर: काका, तुम्ही एकदा त्याच्यासोबत ते 2 किमी जीव तोडून पळून बघा, मग कस सांगा. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत 16 वर्षांखालच्यांना 2 किमीच असतं, 18 खालच्या मुलांना 6 आणि मुलींना 4, 20 खालच्यांना 8 आणि 6, मोठ्यांना 10. अंतर वयाबरोबर वाढतं ते हाडं आणि सांधे बघून, घाईने काही मिळत नाही. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा, स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत देशाचं नाव काढणारा, तो सैन्यात गेल्यावर 2015मध्ये क्रॉस कंट्रीकडे वळला, तेव्हा विशीत होता. तुमच्या मुलाकडे अजून वेळच वेळ आहे. रोजचे 8 किमी पण कमी करा, आठवड्यातून दोन दिवस गवतावर छोटे जोरात पल्ले आणि एक दिवस खो-खो, कबड्डी काहीही खेळू द्या, वळायला शिकतो त्याने. आणि 2 किमीनंतर तो मैदानाच्या कडेला वाकून ओकला तर घाबरू नका, फक्त रेसच्या आधी अर्ध्या तासावर पोहे कोणी दिले ते घरी विचारा.